अमावास्येची दुपार

गोविंदा, आज आबाशास्त्री आपल्या घरी जेवून गेले. तुझं महिन्याचं श्राद्ध होतं. वडे मागून मागून घेतले, खिरीची वाटी पुन्हा पुढे केली आणि आमसुलाच्या चटणीला नावं ठेवली. उठताना पोटावरून हात फिरवत आपल्या चुलत दामोदरला म्हणाले, "गोविंदपंत म्हणजे पुण्यात्मा हो. चंद्रलोकी तृप्त झाले असतील." मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. हातात पळी होती. ती त्यांच्या टाळक्यात घातली नाही, याचं काही पुण्य असेल तर ते तू घे.

चंद्रावरून ज्या माणसानं तुला वाळीत टाकलं, तोच आता तुला चंद्रावर नेऊन बसवतो आणि ढेकर देतो. मला हसू आलं नाही. तुला आलं असतं. नको तिथे हसायची तुला खोडच होती आणि तीच तुला भोवली.

हे मी पाठकोऱ्या पानांवर लिहिते आहे. त्या वर्षीची तुझी पंचांगं कुणी घरात घेतली नाहीत, ती माळ्यावर गठ्ठ्यानं पडून होती. एका अंगाला तुझं मोत्यासारखं अक्षर, दुसऱ्या अंगाला माझे हे कावळ्याचे पाय. तुझी मुंज झाल्यावर तू धूळपाटीवर गिरवायला बसायचास तेव्हा मी समोर बसून गहू निवडायचे. तुझ्याकडून सुलट असलेलं अक्षर मला उलटं दिसायचं आणि मी ते तसंच शिकले. एके दिवशी मी 'ग' उलटा काढलेला बघून तू इतका हसलास की तुला ठसका लागला. मग आईची चाहूल घेऊन तू पाटी माझ्याकडे फिरवलीस. त्या वयात हे तुला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. डोक्यावरून लाल आलवण घेतलेल्या विधवा बहिणीकडे पाटी फिरवणारा भाऊ साऱ्या सदाशिव पेठेत दुसरा नव्हता.

पुढे आईबाबा गेले. तुझी बायको तान्ह्या यमूला माझ्या ओटीत टाकून गेली. मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत आपण तिघं राहिलो. तू सारणीतले आकडे वाचायचास, मी धुळीत बेरजा मांडायचे, आणि तिथी, नक्षत्र, चंद्रोदयाची वेळ ठरली की ती तू पानावर उतरवायचास. चूक सापडली की आपण भांडायचो. तुझी निघाली तर तू कबूल करायचास, माझी निघाली तर मी धुळीवर फुंकर मारायचे. लोक मला आयुष्यभर कामं सांगत आले, तू मला विचारायचास. "अक्का, तुला काय वाटतं?" हे चार शब्द तुझ्याखेरीज मला कुणी ऐकवले नाहीत, आणि आता ऐकवणारही नाही. त्याबद्दल तुझे उपकार मानावेत की रागवावं, मला ठरवता येत नाही. सवय लावून जायला नको होतंस.

संगमावर टोपीकर इंग्रज राहायला आले त्यालाही बरीच वर्षं झाली होती. त्यांच्यातल्या एका वैद्याला आपल्या ग्रहणाच्या गणिताचं कुतूहल होतं, कुणीतरी तुझं नाव सुचवलं. सरकारवाड्यातले कारकून रोज तिकडे जात-येत असत, त्यामुळे जाण्यात पाप नव्हतं. परतताना नदीत बुडी मारली की झालं. त्यानं विचारायचं, दुभाष्यानं सांगायचं, तू सारणी उघडून दाखवायचास. एका शुद्ध अष्टमीला, ऊन उतरत असताना, त्यानं तुला आपल्या दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं.

तू ओल्या धोतरानिशी थेट मागच्या अंगणात आलास. मी वाळत घातलेली डाळ गोळा करत होते.

"अक्का, तिथे डोंगर आहेत."

"कुठे?"

तू वर बोट केलंस. अर्धा चंद्र होता. "डोंगर आहेत, खळगे आहेत. आणि डोंगरांची सावली पडते गं. आपल्या पर्वतीची पडते तशी."

"बरं मग?"

"सावली आहे म्हणजे ऊन आहे. ऊन आहे नि सावली आहे, तर त्या सावलीला बसणारं कुणीतरी असेल की नाही?"

मी म्हटलं, "आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, असं ऐकलं होतं. चंद्राचं वाकून पाहणारा तू पहिलाच. जा, धोतर बदल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला जात्यावरून उठवलंस. यमूच्या हातात पेटती पणती देऊन तिला खोलीच्या कोपऱ्यात उभं केलंस, 'तू सूर्य' म्हणत. मला सांगितलंस, "जातं म्हणजे आपली पृथ्वी. तू चंद्र. जात्याभोवती फिर, पण तोंड जात्याकडेच ठेव." मी खेकड्यासारखी आडवी आडवी फिरले. पणती आणि जातं यांच्या मधे आले तेव्हा उजेड माझ्या पाठीवर पडला आणि तू ओरडलास, "अमावास्या!" पलीकडे गेले तेव्हा उजेड तोंडावर आला. "पौर्णिमा!" यमू टाळ्या वाजवायला गेली आणि सूर्य विझता विझता राहिला.

"आता सांग," तू म्हणालास, "तुझ्या पाठीनं जातं पाहिलं का?"

"पाठीला डोळे असते तर आणखी काय हवं होतं?"

"असते तरी दिसलं नसतं. चंद्राचंही तेच. त्याच्यावरचा ससा कधी पाठ फिरवत नाही. आपल्याला दिसते ती त्याची अलीकडची बाजू. पलीकडची आपण कधी पाहिली नाही, पाहणारही नाही. जुने ज्योतिषी सांगतात, पितर राहतात ते त्या पलीकडच्या बाजूला. अमावास्येला ऊन तिकडे असतं. आपली अमावास्या म्हणजे पितरांची भर दुपार, म्हणून तर आपण त्यांना अमावास्येला जेवू घालतो. पण अलीकडची बाजू रिकामीच आहे असं कोणत्या पोथीत लिहिलंय? त्या अलीकडच्या बाजूची दुपार आपल्या पौर्णिमेला. तिथून आपली पृथ्वी दिसते, अक्का. आकाशात एका जागी टांगलेली, चंद्रापेक्षा कितीतरी मोठी. तिथे कुणी विचार करणारं असेल, तर तेही आपल्याकडे बघून तिथी मांडत असेल."

तेव्हापासून आपल्या भांडणाला नवा विषय मिळाला. बेरजा संपल्या की आपण चंद्रावर जायचो. मी म्हणायचे, कुणी नाही. तू म्हणायचास, असेल. मी म्हटलं, असतील तर हाक का मारत नाहीत? तू म्हणालास, आपण मारतो का? मग मी माझं खरं मत सांगितलं. "गोविंदा, माणसं असतील तर तिथेही एक आबाशास्त्री असेल. माझ्यासारखी एखादी डोकं भादरलेलीही असेल, चुलीपाशी बसलेली. एवढं छान ओसाड ठिकाण कशाला नासवतोस?"

तू धुळीत बोट फिरवत राहिलास. मग म्हणालास, "त्यांना बुद्धी असेल म्हणजे ते ती आपल्यासारखीच वापरत असतील, असं थोडंच आहे?"

तुझं हे बोलणं मला आवडलं होतं. तसं मी तोंडावर सांगितलं नाही. तोंडावर मी म्हटलं, "चल, नवमी किती घटकांपर्यंत आहे ते बघ आधी."

हे सगळं अंगणातल्या अंगणात राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण तुला हात दाखवून अवलक्षण करायचं होतं. पाडव्याला देवळाच्या सभामंडपात नव्या वर्षाचं पंचांग वाचायचा मान बाबांपासून आपल्या घराकडे होता. पाऊसपाणी, धान्य, युद्ध, रोगराई असं सगळं वाचून झाल्यावर तू पोथी मिटलीस आणि म्हणालास की चंद्रावर डोंगर आहेत, आणि अलीकडच्या अंगाला आपल्यासारखी विचार करणारी वस्तीही असू शकेल. लोक हसले, कडुनिंब-गुळाचा प्रसाद खाऊन घरी गेले. तिथेही मिटलं असतं.

मिटलं नाही ते बुधवार पेठेतल्या त्या कापडवाल्यामुळे. जिभेनं तिखट आणि हातानं घट्ट. पुढच्या अमावास्येला त्याच्याकडे भिक्षुक जेवायला गेले तर त्यानं ओटीवरच सांगितलं, "आधी जोशीबुवांना विचारून या. मधे अलीकडची मंडळी बसलेली आहेत म्हणतात. आमचं जेवण तेच वाटेत मटकावत असतील, तर पितरांच्या हाती काय लागणार? नक्की काय ते कळलं की बोलावतो." आणि खरंच पान मांडलं नाही. पुणंच हे. वर्षानुवर्षं धर्म म्हणून करत आलेली गोष्ट, ती न करण्याचं शास्त्रोक्त कारण सापडलं की कोण सोडतो! पुढच्या अमावास्येला आणखी चार घरांनी तेच कारण सांगितलं. चंद्रावर डोंगर असोत नाहीतर तुळशीवृंदावन, तोवर कुणाच्या पोटात दुखलं नव्हतं. जेवणाची पानं कमी झाली तेव्हा धर्म बुडाल्याचं सर्वांच्या एकदम ध्यानात आलं.

सभा भरली. मी तिथे असण्याचा प्रश्न नव्हता. दामोदरनं येऊन सगळं सांगितलं, मीठमसाला लावून. सख्खा चुलतभाऊ, पण त्याला मनातून गंमत वाटत होती, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. तू म्हणे शांतपणे मांडलंस की पितर पलीकडच्या बाजूला, मी बोलतो ते अलीकडच्या बाजूचं, शास्त्राला कुठे बाध येतो? सभेत चुळबूळ झाली. एकदोघांनी मान डोलावली. तेवढ्यात आबाशास्त्री पुढे सरकले.

"जोशीबुवा, एक शंका आहे. आमच्या पितरांच्या शेजारी आपण ही जी मंडळी आणून वसवली आहेत, त्यांची जात कोणती?"

तू खाली बघत उपरणं सारखं केलंस.

"बरं, ते राहू द्या. पाणी कुठून भरतात? पितरांची नि त्यांची विहीर एकच की निराळी?"

आणि तू हसलास. दामोदर म्हणाला, आधी खाली मान घालून हसलास, मग आवरेना म्हणून तोंडावर उपरणं धरलंस. प्रायश्चित्त तुझ्या बोलण्याबद्दल नव्हतं, त्या हसण्याबद्दल होतं. दुर्बिणीतून डोंगर दिसतात म्हणणाऱ्याला त्यांनी सोडून दिलं असतं. शास्त्रीबुवांची विहीर बघून हसणाऱ्याला कसं सोडणार?

ग्रामण्य झालं. आपलं घर वाळीत. न्हावी येईना, पाणक्यानं आपला रांजण वगळला. मी हौदावर गेले की बायका घागरी उचलून बाजूला होत. माझ्यासाठी त्या आधीही बाजूला होतच, त्यामुळे मला फरक पडला नाही. तुला पडला. मुहूर्त विचारायला कुणी येईना, पंचांगांचा गठ्ठा माळ्यावर गेला. दामोदरनं अंगणात मधोमध कुडाची भिंत घातली आणि पलीकडून ओरडून सांगितलं, "अक्का, राग मानू नका हो, आम्हालाही मुलंबाळं आहेत." आणि मग यमूची सोयरीक मोडल्याचा निरोप आला. पोर परकरात तोंड खुपसून रडत होती. तिला लग्न म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण आपल्यामुळे घरात काहीतरी वाईट झालं एवढं कळत होतं.

तेव्हा आपलं मोठं भांडण झालं. सभेची अट साधी होती. क्षौर करायचं, पंचगव्य घ्यायचं आणि चारचौघांत म्हणायचं की पितरांवाचून चंद्रावर कुणी नाही, मी पाहिलं तो दृष्टिभ्रम होता. तू म्हणालास, नाही म्हणणार. मी म्हटलं, म्हण.

"खोटं बोलू?"

"हो. पोरीसाठी बोल. आजवर या पुण्यात कोण कुणासाठी खरं बोललंय?"

"आणि तिथे कुणी असेल तर?"

"असेल तर त्याला तुझं पुण्यातलं बोलणं ऐकू जाणार आहे का? आणि गेलंच, तर तूच म्हणतोस ना त्यांना बुद्धी आहे. मग बापानं लेकीसाठी असं का म्हटलं ते त्यांना कळेल. कळत नसेल तर तिथेही सगळे आबाशास्त्रीच आहेत म्हणायचं."

तू मग हसलास, पण ते तुझं नेहमीचं हसणं नव्हतं. "अक्का, तुझ्या बेरजेत चूक सापडत नाही," असं म्हणालास आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्ताला नदीवर गेलास.

मला त्याचा पश्चात्ताप नाही. आजही तीच गोष्ट आली तर मी तेच सांगीन. यमूचं लग्न झालं. मी ते मागच्या खोलीतून ऐकलं, कारण मंगलकार्यात माझं तोंड दिसून चालत नाही. मंगलाष्टकं चालली असताना तू मधेच आत आलास, काहीतरी शोधायला आल्यासारखं केलंस, आणि दार मुद्दाम थोडं उघडं ठेवून गेलास. त्या फटीतून मला यमूच्या मुंडावळ्या दिसल्या. तेवढं दार उघडं ठेवणाऱ्या माणसावर मी आज एवढी चिडलेली आहे.

चिडले आहे, कारण पुढे तू जे केलंस त्याला मी जबाबदार नव्हते. भिंत पडली, न्हावी आला, पंचांगं घरोघर जाऊ लागली. पाडव्याचा मान दुसऱ्याकडे गेला तो गेलाच. आणि तू वर बघणं सोडलंस. आधी मला कळलं नाही. संकष्टीला पेठेतल्या बायका चंद्रोदय किती घटकांनी, असं विचारायला यायच्या, तू आतूनच वेळ सांगायचास. पूर्वी सांगून झाल्यावर स्वतः अंगणात यायचास, तुझा चंद्र तुझ्या सांगण्याप्रमाणे उगवतो की नाही ते बघायला. आता येईनास. कोजागरीला दूध आटवलं, तू खोलीत बसून राहिलास. संगमावरच्या वैद्यानं निरोप धाडला, तू बरं नाही म्हणून कळवलंस. रोज चंद्राचं गणित करायचास आणि चंद्राकडे पाठ करून बसायचास.

मी एकदा मुद्दाम डिवचलं. "काय रे, तुझी अलीकडची मंडळी काय म्हणतात?"

तू म्हणालास, "तिथे कुणी नाही, अक्का. तूच म्हणायचीस ना?"

गोविंदा, मी तुला म्हणायला सांगितलं होतं. मानायला नव्हतं सांगितलं. सभेत तोंडानं एक वाक्य बोलायचं, घरी येऊन चूळ भरायची आणि माझ्याशी पुन्हा भांडायला बसायचं, एवढंच काम होतं. पुण्यात अर्धी माणसं असंच जगतात आणि त्यांना जेवणही जातं. तुला ते जमलं नाही. आबाशास्त्र्यांना तू जिंकू दिलंस ते सभेत नाही, तू त्यांना जिंकू दिलंस आपल्या मागच्या अंगणात, आणि तिथे तर त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. माझं काय झालं याचा विचार केलास? मी तिथे कुणी नाही म्हणायचे, कारण तू आहे म्हणायचास. दोघंही नाही म्हणायला लागल्यावर भांडायचं कुणाशी? घर मुकं झालं. आकड्यांपलीकडे तू माझ्याशी बोलेनास, आणि "तुला काय वाटतं?" हे विचारणं तर बंदच झालं.

पौषात तुला ताप भरला. वैद्यांचे काढे झाले, अंगारे झाले. यमूला निरोप धाडला. तिच्या सासरच्यांनी तिला पाठवलं नाही. जिच्या लग्नासाठी हे सगळं केलं तिला बापाचं तोंड बघायला मिळालं नाही, याचाही हिशेब कुणीतरी मला समजावून सांगावा.

शेवटच्या आदल्या सकाळी तुझा ताप जरा उतरला होता. कवडशाकडे बघत पडला होतास. एकाएकी विचारलंस, "अक्का, आज तिथी कोणती?" तिथी तू कधी कुणाला विचारली नव्हतीस, जग तुला विचारायचं. मी म्हटलं, "चतुर्दशी."

तू म्हणालास, "म्हणजे उद्या तिकडे दुपार."

किती दिवसांनी तू 'तिकडे' म्हणालास! मला विचारायचं होतं, तिकडे म्हणजे कुठे रे? कुणाकडे? चुलीवर दूध होतं, ते उतू जाईल म्हणून मी उठले. परत आले तेव्हा तुझा डोळा लागला होता. मग ताप चढला आणि तू काही बोललाच नाहीस. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी गेलास. दामोदर सगळ्यांना सांगत होता, पुण्यवान माणूस, अमावास्येला गेला.

महिनाभर मी तुझ्या त्या शेवटच्या चार शब्दांशी झगडते आहे. आधी मला बरं वाटलं. वाटलं, गोविंदानं सोडलं नव्हतं, मनात तग धरून होतं त्याचं. मग एक दिवस दळायला बसले आणि जात्याकडे बघून माझ्या लक्षात आलं. अमावास्येची दुपार असते ती पलीकडच्या बाजूला. पितरांची. अलीकडच्या मंडळींची दुपार पौर्णिमेला. हे तूच मला फिरवून फिरवून शिकवलंस, आणि यात तुझी चूक व्हायची नाही, अंगात कितीही ताप असला तरी. म्हणजे तू तुझ्या माणसांबद्दल बोलत नव्हतास. तू त्यांच्या सांगण्याप्रमाणे पितर व्हायला निघाला होतास. जाताना तरी तुझी बाजू धरायची होतीस की रे! मी जातं तसंच टाकून उठले. कितीतरी वेळ रडले, तू गेलास त्या दिवशीही इतकी रडले नव्हते.

आज शास्त्रीबुवा आचवून ओटीवर बसले, तेव्हा मी दाराआडून विचारलं, "शास्त्रीबुवा, माझ्या भावाला तिथून आपलं घर दिसत असेल का हो?"

"दिसतं ना, अक्का," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता, खिरीमुळे असेल. "पितरांना सगळं दिसतं. तुम्ही काळजी करू नका."

ज्यांना पितरांचा पत्ता पाठ आहे, त्यांनी जात्याभोवती एक फेरी मारून पाहिलेली नाही. पलीकडच्या बाजूनं काहीच दिसत नाही, गोविंदा. पृथ्वी नाही, पुणं नाही, मी नाही. तिथे तू कितीही डोळे ताणलेस तरी आकाश रिकामंच. या लोकांनी तुला अशा जागी नेऊन बसवलंय जिथून तुला मी कधी दिसणार नाही, आणि वर दक्षिणा घेऊन गेले.

म्हणून मी आज हे लिहायला बसले. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं, ते मी मिटवते. मी हरले. आहेत तिथे माणसं. अलीकडच्या बाजूला, डोंगराच्या सावलीत, विचार करणारी, हसणाऱ्या माणसाला सभेपुढे उभं न करणारी. असली पाहिजेत. ती नसतील तर तू जाणार कुणाकडे? त्यांच्या विहिरीवर तुला कुणी जात विचारणार नाही. तू ऊठ, आणि पितरांचं ते भरलेलं पान तसंच टाकून या बाजूला निघून ये.

तिथे दुपार पौर्णिमेला. तोवर मी माघातली बोरं वाळवून ठेवते. फाल्गुनातल्या पौर्णिमेला, चंद्र वर येताना, मागच्या अंगणात मी तुझं पान वाढणार आहे. त्या दिवशी होळीची पोळी असेल, श्राद्धाचे वडे नाहीत. दामोदरची बायको बघेल आणि पेठभर सांगेल की अक्काचं डोकं फिरलं. सांगू दे. पुन्हा वाळीत टाकायचं तर टाकू देत, आता घरात लग्नाचं कुणी नाही.

तू फक्त तोंड इकडे करून बस. मला तुझ्याशी भांडायचं आहे.